रोज इंजेक्शन घेऊनही सी-पेप्टाइड कमी का?

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याला एकाएकी फार तहान लागायला लागली, वजन उतरलं, रात्री सारखा लघवीला उठायचा. ॲडमिट केलं तेव्हा शुगर निघाली. अँटिबॉडीची तपासणी करून डॉक्टरांनी टाइप १ मधुमेह असल्याचं सांगितलं. दिवसातून चार वेळा पेनने इन्सुलिन घेतो. मधे काही महिने डोस इतका कमी झाला होता की आम्हाला वाटलं, पोरगा बरा झाला. आता पुन्हा वाढलाय. परवा सी-पेप्टाइड नावाची तपासणी केली. ते ०.३ आलं आणि पुढे ‘कमी’ असा शेरा आहे. रोज इन्सुलिन टोचूनही कमी कसं? औषध बनावट तर नाही? डॉक्टर ‘हे अपेक्षितच आहे’ म्हणाले, पण गर्दीत पुढे विचारायचा धीर झाला नाही. जाऊबाई म्हणतात, एवढं टोचून उपयोग नसेल तर इंजेक्शन सोड आणि काढा सुरू कर. मी घरी शिवणकाम करते, बारावीपर्यंत शिकले आहे. मला समजेल असं सांगा.
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, इंजेक्शन बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही. टाइप १ मध्ये बाहेरून इन्सुलिन मिळालं नाही तर रक्तात आम्ल साठत जातं आणि थोड्याच दिवसांत मूल बेशुद्धीपर्यंत पोहोचतं. या आजारात इन्सुलिनची जागा घेईल असा कुठलाही काढा नाही. जाऊबाईंचा हेतू चांगला असेल, पण त्यांना हे ठामपणे सांगा. दुसरं, या रिपोर्टवरून औषध बनावट ठरत नाही. ही तपासणी पेनमधलं इन्सुलिन मोजतच नाही. मुलाच्या स्वादुपिंडाने स्वतः किती इन्सुलिन तयार केलं, एवढंच ती सांगते. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन तिला दिसत का नाही, हे कळायला इन्सुलिन पेशीत कसं तयार होतं ते पाहावं लागेल. मिरजेत वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला मी बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, आणि त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

स्वादुपिंडात पेशींचे दहा लाखांच्या आसपास छोटे पुंजके विखुरलेले असतात. सगळे मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. इन्सुलिनचा आराखडा अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. केंद्रकात त्याची आरएनए-प्रत निघते, ती बाहेर येते, आणि रायबोझोम नावाचा सूक्ष्म कारखाना ती वाचत वाचत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे मणी, एकापुढे एक जोडत जातो. अशी ११० अमिनो आम्लांची एक सलग साखळी तयार होते. ते अजून इन्सुलिन नव्हे. ती साखळी रक्तात सोडली तर तिचा उपयोग होणार नाही.

साखळीची पहिली २४ अमिनो आम्लं म्हणजे फक्त पत्ता. रायबोझोममधून हा तुकडा बाहेर डोकावला की पेशीतला एक कण त्याला पकडतो, रायबोझोमचं काम क्षणभर थांबवतो आणि साखळीसकट त्याला आंतर्द्रव्यजालिका नावाच्या, पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यापाशी नेऊन बसवतो. मग उरलेली साखळी पडद्यातल्या एका सूक्ष्म मार्गातून आत सरकत जाते. आत शिरता शिरताच पत्त्याचा तुकडा कापला जातो. राहिली ८६.

आता खरी कसोटी. या ८६ च्या साखळीला नेमकी घडी पडायला हवी. तिच्यात सहा ठिकाणी गंधक असलेलं अमिनो आम्ल आहे, आणि त्या सहांच्या योग्य त्याच जोड्या जुळून तीन पूल तयार व्हायला हवेत. चुकीची जोडी जुळली तर रेणू वाया जातो. यासाठी आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत मदतनीस प्रथिनं असतात. काही साखळीला धरून ठेवतात, काही चुकलेले पूल सोडवून पुन्हा जोडतात. ज्या रेणूंची घडी बसतच नाही, त्यांना बाहेर काढून मोडीत टाकलं जातं. भरात काम करणारी बीटा पेशी मिनिटाला सुमारे दहा लाख साखळ्या बनवते असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या प्रत्येकीची घडी तपासली जाते. इतकी वर्षं शिकवूनही हा आकडा मी सहज उच्चारू शकत नाही.

तुम्ही शिवणकाम करता म्हणून सांगते. ब्लाउजला बाही लावताना तुम्ही आधी कच्चा टाका घालता. बाही मुंढ्यावर नीट बसली की पक्की शिलाई मारता आणि मग कच्चा दोरा उसवून काढता. त्या ८६ च्या साखळीत एका टोकाला ३० अमिनो आम्लांचा भाग आहे आणि दुसऱ्या टोकाला २१ चा. या दोघांचंच पुढे इन्सुलिन होतं. मधला भाग त्यांना समोरासमोर, योग्य अंतरावर आणून धरतो, तोवर गंधकाचे पूल पक्के होतात. ते झाले की मधल्या भागाचं काम संपतं आणि तो कापून वेगळा केला जातो. त्यात ३१ अमिनो आम्लं असतात. तेच तुमच्या रिपोर्टवरचं सी-पेप्टाइड. हिशेब मांडून पाहा : ३० अधिक २१ अधिक ३१ म्हणजे ८२. उरलेली चार कापण्याच्या दोन जागांवर दोन-दोन अशी असतात आणि कापताना निघून जातात.

कापणी आंतर्द्रव्यजालिकेत होत नाही. घडी पडलेली साखळी छोट्या पिशव्यांतून गॉल्जी संकुलात, म्हणजे पेशीतल्या मालाची वर्गवारी करणाऱ्या भागात जाते, तिथून नव्या कणिकांत भरली जाते, आणि या कणिका हळूहळू आतून आम्लधर्मी होतात. त्या आम्लात कापणारी विकरं, म्हणजे रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं, जोमाने कामाला लागतात. सुटलेलं इन्सुलिन जस्ताच्या साथीने सहा-सहा रेणूंच्या गटांत बांधलं जातं आणि कणिकेच्या मध्यभागी स्फटिकासारखं घट्ट बसतं. सी-पेप्टाइड भोवतीच्या द्रवात राहतं. सगळं धरून दोनएक तास लागतात. अशा हजारो भरलेल्या कणिका एकेका बीटा पेशीत तयार असतात. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की त्यांतल्या थोड्या पेशीच्या कडेला जाऊन उघडतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तुम्ही उसवलेला दोरा टाकून देता. पेशी सी-पेप्टाइड टाकत नाही. ते त्याच कणिकेत असल्यामुळे इन्सुलिनबरोबर रक्तात येतं, इन्सुलिनच्या एका रेणूमागे एक. इन्सुलिन मोजणं अवघड असतं, कारण त्यातलं निम्म्याच्या आसपास यकृत पहिल्याच फेरीत काढून घेतं आणि उरलेलंही काही मिनिटांत संपतं. सी-पेप्टाइडला यकृत फारसा हात लावत नाही, ते अर्ध्या तासाच्या हिशेबाने कमी होतं. पेनमधल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतंच. म्हणून रक्तात जेवढं सी-पेप्टाइड सापडेल तेवढी मुलाच्या स्वतःच्या बीटा पेशींची कमाई. टाइप १ मध्ये शरीराचीच संरक्षक यंत्रणा बीटा पेशी नष्ट करत जाते, तेव्हा हा आकडा खाली येणारच. डॉक्टर ‘अपेक्षित’ म्हणाले ते यासाठी. टोचलेलं इन्सुलिन काम करतंय की नाही हे शुगरच्या नोंदी आणि तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी सांगते.

मधल्या काळात डोस कमी झाला त्याला डॉक्टर ‘हनिमून’ म्हणतात. बाहेरून इन्सुलिन सुरू झाल्यावर साखरेचा भडिमार थांबतो, थकलेल्या पण जिवंत असलेल्या बीटा पेशी सावरतात आणि काही आठवडे किंवा महिने बऱ्यापैकी काम करतात. पेशींवरचा हल्ला मात्र चालूच असतो. त्या काळात ‘बरा झाला’ म्हणून इन्सुलिन थांबवलेल्या मुलांना अत्यवस्थ होऊन परत आणलं जातं, म्हणून याबद्दल मी इतकी आग्रही आहे.

रिपोर्टबद्दल आणखी थोडं. ०.३ हे मिलिलिटरला नॅनोग्रॅम या मापात असेल. ०.६ च्या खालचा आकडा इन्सुलिनची मोठी कमतरता दाखवतो असं तज्ज्ञ धरतात. पण हा आकडा कधीही एकटा वाचू नये. त्याच वेळची शुगर सोबत हवी, कारण शुगर खाली गेलेली असेल तर निरोगी पेशीही गप्प बसते. मूत्रपिंडं कमजोर असतील तर सी-पेप्टाइड साठून खोटं जास्त दिसतं. तुमच्या मुलाचं ०.३ हे शून्य नाही, हेही लक्षात घ्या. स्वतःचं थोडं इन्सुलिन टिकून राहिलेल्या रुग्णांना शुगर धोकादायक पातळीला घसरण्याचा त्रास कमी होतो, असं डीसीसीटी नावाच्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. शुगर नीट ताब्यात ठेवली तर हे उरलंसुरलं काम जास्त काळ टिकायलाही मदत होते.

तुम्ही विचारलं नाही, पण बहुतेक आया मनात हे बाळगून असतात म्हणून लिहिते : तुम्ही गोड खाऊ घातलंत म्हणून हे झालेलं नाही.

हा मधला तुकडा सापडला कसा, तेही सांगितल्याशिवाय राहवत नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली. कुठल्याही प्रथिनाची अशी रचना तेव्हा पहिल्यांदाच कळली. त्यात दोन साखळ्या दिसल्या, म्हणून पेशी त्या वेगवेगळ्या बनवून नंतर जोडत असणार असा समज होता. पण परीक्षानळीत दोन साखळ्या एकत्र केल्या की योग्य जोड्या फार थोड्या जमायच्या. मग पेशीला हे इतकं बिनचूक कसं साधतं? शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी इन्सुलिन बनवणाऱ्या एका मानवी गाठीच्या पातळ चकत्यांना किरणोत्सारी अमिनो आम्लं दिली. त्यांना इन्सुलिनपेक्षा मोठा, एकसंध रेणू आधी तयार होताना दिसला. ते साल १९६७. मधुमेहाच्या दवाखान्यात आज सर्रास होणारी ही तपासणी त्या कामातून निघाली. इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड जवळपास नाही अशा अवस्थेत शुगर घसरलेला रुग्ण आला, तर इन्सुलिन बाहेरून टोचलं गेलंय हे डॉक्टर ओळखतात, तेही याच तत्त्वावर.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात काही रायबोझोम मोकळे आणि काही आंतर्द्रव्यजालिकेला चिकटलेले दाखवतात. हे दोन वेगळे प्रकार असतात का? आणि गॉल्जीमध्ये प्रथिनांना साखर जोडतात असं वाचलं. मग इन्सुलिनलाही साखर जोडलेली असते का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुझे दोन्ही प्रश्न परीक्षेत येणार नाहीत कदाचित, पण विषय कळला की नाही ते यांवरूनच कळतं.

रायबोझोम एकाच प्रकारचे. प्रत्येक जण मोकळाच कामाला लागतो. वर त्या आईंना लिहिलेल्या पत्त्याच्या तुकड्याबद्दल वाच. बनणाऱ्या साखळीच्या सुरुवातीला तो तुकडा असेल तर रायबोझोम जालिकेला जाऊन चिकटतो, नसेल तर मोकळा राहतो. काम संपलं की तो सुटतो आणि पुढच्या वेळी मोकळ्या गटात काम करू शकतो. म्हणजे रायबोझोमची जागा तो बनवत असलेलं प्रथिन ठरवतं. ही कल्पना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल यांनी सत्तरच्या दशकात मांडली आणि प्रयोगांनी सिद्ध केली. १९९९ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. रायबोझोमच्या रचनेबद्दल २००९ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत वेंकी रामकृष्णन होते. त्यांनी बी.एस्सी. बडोद्याला केलं, तेही भौतिकशास्त्रात.

इन्सुलिनला साखर जोडलेली नसते. पुस्तकातलं वाक्य अनेक प्रथिनांना लागू आहे, सगळ्यांना नाही. तेही थोडं सुधारून घे : साखरेचा पहिला मोठा गुच्छ बऱ्याचदा आंतर्द्रव्यजालिकेतच बसवला जातो, गॉल्जीत त्याची छाटणी होते आणि नवे भाग जोडले जातात. गरोदरपणाच्या चाचणीत जे एचसीजी शोधतात त्याला साखरेचे असे गुच्छ असतात, प्रतिपिंडांनाही असतात. लयकारिकेत, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशवीत, जाणाऱ्या विकरांच्या गुच्छावर गॉल्जीत फॉस्फेटची खूण बसते आणि ती पाहूनच त्यांची रवानगी होते. ही खूण बसवणारं विकर जन्मतः सदोष असेल तर विकरं पेशीबाहेर जातात, लयकारिका न पचलेल्या मालाने तुंबतात आणि बाळाला गंभीर आजार होतो. इन्सुलिनच्या बाबतीत गॉल्जीचं काम वर्गवारी आणि कणिकांत भरणं हे आहे. कापणी प्रामुख्याने नुकत्याच तयार झालेल्या कणिकांत होते, हे जिनिव्हाच्या लेलिओ ऑर्ची यांच्या गटाने १९८५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

जमलं तर जेमिसन आणि पॅलाडे यांचा १९६७ चा प्रयोग शोधून वाच. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना त्यांनी फक्त ३ मिनिटं किरणोत्सारी ल्युसीन (एक अमिनो आम्ल) दिलं, मग साधं ल्युसीन देऊन ठरावीक वेळांनी चकत्या तपासल्या. किरणोत्सार आधी जालिकेत, मग गॉल्जीच्या परिसरात आणि दोन तासांच्या आत साठवणीच्या कणिकांत दिसला. ते प्रथिन पाचक विकरांचं होतं, इन्सुलिनचं नव्हे, पण वाट तीच. तुझ्या पुस्तकातल्या आकृतीत बाण ज्या दिशेने काढलेत, त्या दिशेला पुरावा या प्रयोगाने दिला.

प्रश्न : माझं मेडिकल स्टोअर आहे. इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेतात म्हणतात. पण जिवाणूत आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी नसतात, मग घडी आणि कापणी कोण करतं? आणि गिऱ्हाईक नेहमी विचारतात, रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं आणि लिस्प्रो ताटावर बसताना, असं का?
— एक औषधविक्रेते, बारामती

उत्तर : जे पेशीत होत नाही ते कारखान्यात करून घेतात. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेन्टेक ही कंपनी आणि सिटी ऑफ होप हे वैद्यकीय संशोधन केंद्र इथल्या शास्त्रज्ञांनी इ. कोलाय जिवाणूंत दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवल्या आणि नंतर जोडल्या. हेच इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. पुढे सगळी साखळी अखंडच बनवून घेणं सोयीचं ठरलं. जिवाणूत ती घडी न पडता गोळ्यासारखी साचते. ती विरघळवून, रसायनांच्या मदतीने घडी पाडून, मग विकरांनी मधला तुकडा कापून काढतात.

यीस्टचं वेगळं आहे. यीस्टमध्ये जालिकाही असते आणि गॉल्जीही, त्यामुळे ते घडी पाडून साखळी बाहेर सोडू शकतं. मधला भाग ३१ ऐवजी काही अमिनो आम्लांचाच ठेवला तरी चालतो, असंही आढळलं. बेंगळुरूच्या बायोकॉनचं इन्सुलिन यीस्टमधूनच येतं. गंमत म्हणजे आपल्या बीटा पेशीतली कापणारी विकरं शोधायला यीस्टचीच मदत झाली. यीस्टमधलं केक्स-२ नावाचं विकर आधी माहीत झालं आणि त्याची माणसातली भावंडं त्यावरून सापडली.

अर्ध्या तासाचं कारण जस्ताशी बांधलेल्या सहांच्या गटात आहे. रेग्युलरच्या बाटलीतही इन्सुलिन तसंच गटांत असतं, त्यामुळे ते टिकतं. बीटा पेशीची कणिका थेट रक्तात उघडते, तिथे गट क्षणात विरघळून सुटे होतात. कातडीखाली टोचलेले गट मात्र हळूहळू पातळ होऊन सुटतात, आणि सुटा रेणूच रक्तवाहिनीत लवकर शिरतो. लिस्प्रो या बदललेल्या इन्सुलिनमध्ये ३० च्या साखळीतल्या शेवटाजवळच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केलेली असते. त्यामुळे रेणू एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि गट चटकन सुटतात. तेव्हा लिस्प्रो टोचून जेवायला अर्धा तास उशीर केला तर शुगर खाली जाऊ शकते, हे गिऱ्हाइकांना आवर्जून सांगत जा.

आणखी एक विनंती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं हे तुम्ही जाणताच, पण अनेक घरांत ते फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून ठेवलेलं असतं. गोठलं की रेणूंची घडी बिघडू शकते आणि ते एकमेकांना चिकटून निकामी होतात. वितळल्यावर बाटली नेहमीसारखी स्वच्छ दिसली तरी ती वापरायची नाही. बिल देताना एवढं वाक्य तुमच्याकडून जाऊ द्या.